नत्र बनवणारा टोमॅटो

३ फेब्रुवारी, सकाळी १०
ही गेली. लेकीच्या बाळंतपणाला, तीन महिने. घर शांत आहे. आता माझं राज्य.
जाताना मागच्या दाराला कागद चिकटवून गेली. बागेबद्दल चार सूचना. एक, पाणी रोज संध्याकाळी. दोन, चवळीला हात लावायचा नाही. शेंगा संपल्या की वरून कापायची, मुळं जमिनीतच ठेवायची. तीन, बाहेरची माती किंवा खत आणायचं नाही. चार, शंका आली तर फोन.
एकतीस वर्षं कॉलेजच्या विज्ञान विभागात काढलेल्या माणसाला हे सांगायचं! (भांडार सांभाळत होतो, पण विभाग विज्ञानाचाच.)

३ फेब्रुवारी, दुपार
बागेची पाहणी केली. चार वाफे. इथे पूर्वी बांधकामाचा राडारोडा होता. हिने अकरा वर्षं विटांचे तुकडे वेचून, पाला कुजवून माती केली, हे मान्य. पण शास्त्रीय दृष्टिकोन कुठेच नाही. सगळं आपलं हाताच्या अंदाजाने.
ठराव : ही परत येईल तेव्हा बाग ओळखू येता कामा नये. चौतीस वर्षांच्या संसारात माझ्या एकाही कामाला हिने "छान केलंत" म्हटलेलं नाही. "झालं का?" म्हणते. "असू दे" म्हणते. या वेळी म्हणायला लावणार.

४ फेब्रुवारी
ठराव : रोज साडेपाचला उठून बागेत.
८.१० ला उठलो. पहिला दिवस धरत नाहीत.

६ फेब्रुवारी
कपाटात एक पुस्तिका सापडली, 'माती आणि नत्र'. अकरा पानं एका बैठकीत वाचली. डोळे उघडले. झाडाला पान करायचं तर नत्र लागतं. नत्र म्हणजे आपला नायट्रोजन. ते मुळांवाटे मातीतून घेतात. घेतात म्हणजे संपवतात! आणि एक अख्खा वाफा भरून चवळी गेले दोन महिने तिथे बसून खाते आहे. शेंगा तर कधीच संपल्या. नुसती पोसायची का?

७ फेब्रुवारी, सकाळी ९
चवळी उपटली. मुळासकट. कचऱ्याच्या गाडीत टाकली. गाडीवाला म्हणाला, काका, हिरवीगार होती की हो. म्हटलं, तेच तर! तिचं हिरवेपण कोणाच्या जिवावर?
मुळांना बारीक बारीक गाठी होत्या. रोग असणार. वेळेत उपटली.

८ फेब्रुवारी
हिचा फोन. लेक ठीक. जावईबापूंना सर्दी. मग विचारलं, चवळी कशी आहे? म्हटलं, गेली पुढे. खोटं नाही. गाडी पुढेच गेली.

१२ फेब्रुवारी
पुस्तिकेचं बारावं आणि तेरावं पान चहाने चिकटलेलं होतं. वाफेवर धरून सुटं केलं. बाराव्या पानावर लिहिलंय की चवळी, घेवडा, भुईमूग, वाटाणा ही मंडळी नत्र संपवत नाहीत, उलट मिळवतात. त्यांच्या मुळांवर गाठी असतात. गाठींत जिवाणू राहतात. जिवाणू हवेतलं नत्र पकडून झाडाला देतात, झाड त्यांना साखर देतं. पीक संपल्यावर मुळं जमिनीत कुजली की त्यातलं बरंचसं नत्र पुढच्या पिकाला मिळतं.
हे पहिल्या पानावर छापायला काय झालं होतं? लेखकाचा निष्काळजीपणा. असल्या माणसांना पुस्तकं लिहू का देतात कळत नाही.
हिला काही कळवलं नाही. बाळंतिणीच्या घरी ताण नको.

१३ फेब्रुवारी
तेरावं पान. हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नत्र! बासष्ट वर्षं मी हे आत घेतोय आणि बाहेर सोडतोय, आणि एकाने सांगितलं नाही. झाडांनाही ते थेट घेता येत नाही म्हणे, नत्राच्या जोड्या फार घट्ट असतात.
मला वाटतं झाडांना कोणी नीट संधीच दिलेली नाही.

१५ फेब्रुवारी
टेबल फॅन बागेत नेला. एक्स्टेंशन वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून. पालकाच्या वाफ्यावर सकाळी दोन तास, दुपारी दोन तास नत्राचा मारा. पालक नुसता डुलतोय.

१६ फेब्रुवारी
पालक आडवा झाला. फॅन तीन नंबरवर होता, एकवर ठेवायला हवा होता. पद्धत बरोबर, वेग चुकला.

१८ फेब्रुवारी
मोठा दिवस. रोपवाटिकेत गेलो. मालक आपल्या शेडमधला जुना मातीचा वाफा रिकामा करत होता. म्हणाला, दहा वर्षं यात टोमॅटोच घेतला, आता हवी तर न्या फुकट. दहा वर्षांचा अनुभव असलेली माती! आणि फुकट! मी तर थक्क झालो. नऊ पोती आणली. का काढतोस असं विचारलं तर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. धंदा करण्याची अक्कल नाही माणसाला.
माती चारही वाफ्यांत पसरून खुरप्याने नीट मिसळली. तीन वाफ्यांत चोवीस टोमॅटोची रोपं लावली. तिसऱ्या सूचनेत "बाहेरची माती" आहे खरं, पण ती साध्या मातीबद्दल असावी.
पाठ धरली.

२१ फेब्रुवारी
चौथ्या वाफ्यात चवळी पेरली. हिच्या चवळीच्या जागी नवी चवळी. चवळी ती चवळी. कोणाला काय कळणार?

२ मार्च
टोमॅटो वीतभर. पुस्तिकेत लिहिलंय की घाई असेल तर युरिया, पण झाडाला अर्धा चमचा, त्याहून जास्त नको. हे सर्वसाधारण वाचकासाठी झालं. मी झाडाला मूठ दिली. चवळीलाही दिली, एका घरात दुजाभाव नको.

८ मार्च
काय वाढताहेत! हिरवी नव्हे, काळीहिरवी पानं. फोटो काढून हिला पाठवला. लगेच फोन. म्हणाली, अहो, पानं एवढी काळपट कशी? काही घातलंत का? म्हटलं, प्रेम. तिने फोनच ठेवून दिला. भारावली असावी.

९ मार्च
चवळीला गाठी आल्या का बघायला एक रोप उपटलं. नाहीत. परत खोचलं.

१० मार्च
कालचं मेलं. दुसरं उपटलं. गाठी नाहीत.

१३ मार्च
रोज दोन उपटतोय. नमुना मोठा हवा, शास्त्राचा नियम आहे. एकालाही गाठ नाही. मुळं आपली गुळगुळीत. हिच्या चवळीला तर न सांगता येत होत्या.

१६ मार्च
शेवटचं रोप उपटलं. गाठ नाही. निष्कर्ष : ही चवळी आळशी आहे. विषय संपला. चवळीकडून मला अपेक्षाही नव्हती.

२२ मार्च, पहाटे
नात झाली. तीन किलो शंभर ग्रॅम. फोनवर तिचं रडणं ऐकवलं. मी वजन तीनदा विचारलं. शेवटी ही म्हणाली, पाणी प्या आणि झोपा.
ठराव : नातीला पहिला टोमॅटो आपल्या बागेतला. (दात यायचे आहेत, पण तोवर टोमॅटोही यायचेत.)

३० मार्च
टोमॅटो माझ्या छातीएवढे. पानं तळहाताहून मोठी. फुलं शून्य. हिला फोनवर सहज म्हणून, एका मित्राची गोष्ट म्हणून विचारलं. म्हणाली, तुमच्या मित्राने नत्र जास्त घातलं असेल, मग झाड पानांतच रमतं, फुलावर येत नाही. म्हटलं, त्याला सांगतो. म्हणाली, हो, आणि त्याला म्हणावं चवळीचा एक फोटो पाठव.
हिला माझ्या मित्राच्या चवळीत एवढा रस का?

६ एप्रिल
दुपारी सगळी रोपं माना टाकतात. संध्याकाळी पुन्हा उठतात. मीही जेवणानंतर तेच करतो. निसर्गाचा नियम. खालची पानं पिवळी पडताहेत, तीही वयानुसार.

११ एप्रिल, सकाळी ७.४०
मातीच्या हातानेच लिहितोय, अक्षर वाईट येईल. एका टोमॅटोला काठी बांधताना रोप उपटून हातात आलं. मुळांना गाठी! एक-दोन नव्हे, शेकड्याने, वाटाण्याएवढ्या, काही आवळ्याएवढ्या!
टोमॅटोला! चवळीला नव्हे, टोमॅटोला!
पुस्तिका तीनदा वाचली. टोमॅटोच्या मुळांना नत्राच्या गाठी कधीच येत नाहीत, असं स्वच्छ छापलंय. मग हे काय आहे? माझ्या बागेतल्या टोमॅटोने हवेतलं नत्र पकडायला सुरुवात केली आहे. जगात पहिला. म्हणूनच पानं एवढी हिरवी! युरियाचा यात किती वाटा आणि गाठींचा किती ते नंतर बघू.
चहा उतू गेला. जाऊ दे.

११ एप्रिल, संध्याकाळ
अजून चार रोपं बघितली. सगळ्यांना गाठी. आता लक्षात येतंय, दुपारी माना का टाकतात. दिवसभर नत्र बनवून दमतात बिचारी.

१२ एप्रिल
कृषी महाविद्यालयाला पत्र लिहिलं. चार पानी. विषय : टोमॅटोत नत्रनिर्मिती, एक घरगुती प्रयोग. फॅनचा उल्लेख केला. मातीचा स्रोत गुप्त ठेवला, कोणी ढापू नये. सहीखाली 'विज्ञान विभाग (नि.)' लिहिलं.
लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, बाबा, आईला विचारलंत का? म्हटलं, आईला सरप्राइज आहे. जावईबापू म्हणाले, अभिनंदन. त्यांना मोठी गोष्ट पटकन समजते.

१५ एप्रिल
जगात अन्नाचा प्रश्न किती मोठा आहे यावर विचार केला. मग मुलाखतीत काय बोलायचं यावर. ठराव : श्रेय हिला अर्धं द्यायचं. निदान एक तृतीयांश.

१९ एप्रिल
महाविद्यालयातून फोन! मातीच्या विभागातल्या मॅडम. म्हणाल्या, मुळांवरची माती न झाडता तीन रोपं बादलीत घालून आणा, इतर कुठल्या बागेत जाऊ नका आणि खुरपं कोणाला देऊ नका. केवढी गुप्तता! माझ्या कामाचं महत्त्व त्यांच्या लक्षात आलेलं दिसतंय.

२३ एप्रिल, सकाळी ६
कोट घातला. लग्नातला. बटण लागत नाही, उघडाच ठेवतो.

२३ एप्रिल, संध्याकाळी ७
जाऊन आलो. चर्चा उत्तम झाली. मतभेद होते.

२३ एप्रिल, रात्री ९
नीट लिहितो. स्वतःपाशी काय लपवायचं!
मॅडम तिशीतल्या. मला 'काका' म्हणाल्या. प्रात्यक्षिकाचा वर्ग चालू होता, चाळीस मुलं. त्यांनी माझं रोप पाण्यात बुडवून हळूच धुतलं आणि मुलांना म्हणाल्या, बघा. शेजारी चवळीचं एक मूळ ठेवलं. चवळीची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते. अंगठ्याने चोळली की सुटून येते. नखाने फोडली तर आत गुलाबी. गुलाबी म्हणजे काम चालू आहे. मग मला म्हणाल्या, काका, तुमची सोडवा बघू. मी चोळली. सुटेना. ओढली तर मूळच तुटलं. ती मुळावर आलेली गाठ नव्हतीच, मूळच सुजलेलं होतं. फोडली. आत पांढरं.
मग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. बघा म्हणाल्या. एकतीस वर्षं ती यंत्रं मी मोजून दिली आणि मोजून घेतली, आत कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं. आत किडे. दोऱ्यासारखे, वळवळणारे. सूत्रकृमी म्हणतात. मुळात शिरून राहतात, आणि पाणी वर जायची वाट बिघडवतात. म्हणून दुपारी माना टाकतात. तिथेच अंडी घालतात, शेकड्याने.
माती कुठून आणली, विचारलं. सांगितलं. दहा वर्षं टोमॅटो घेतलेली माती चार वाफ्यांत पसरवली, हे ऐकून मागच्या बाकावरचा एक मुलगा "आई गं" म्हणाला.
मग चवळीबद्दल मी विचारलं. गाठी का आल्या नाहीत? मॅडम म्हणाल्या, तुम्ही युरिया मुठीने घातलात ना, मग आयतं नत्र मिळत असताना ती जिवाणूंना साखर कशाला देईल? आणि रोज उपटून बघितलं तर कोणाला वेळ मिळणार? मी तिला आळशी म्हटलं होतं.
माझी तिन्ही रोपं त्यांनी ठेवून घेतली. काचेच्या बरणीत, औषधी पाण्यात. मुलांना दाखवायला. इतकी भरगच्च लागण त्यांनी कधी बघितली नव्हती. म्हणजे नमुना म्हणून तो पहिलाच. चिठ्ठीवर नाव आहे. किड्याचं.

२४ एप्रिल
अंग दुखतंय. अंथरुणातच. कोटाला वास येतोय मातीचा.
मॅडमनी लिहून दिलंय. दोन वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, चवळी काही नाही. सगळी रोपं मुळासकट काढून जाळायची. माती पाणी घालून प्लास्टिकखाली उन्हात तापवायची. मग झेंडू लावायचा, त्याच्या मुळांना हे किडे कंटाळतात, आणि भुईमूग, जो त्यांना बऱ्यापैकी तोंड देतो आणि मातीत नत्रही घालतो. तरी पूर्ण जातीलच असं नाही.
रोपवाटिकावाल्याची चूक आहे. ९० टक्के.

२५ एप्रिल
८० टक्के.

२६ एप्रिल
लेकीचा फोन. विचारलं, बाबा, शोधाचं काय झालं? म्हटलं, समिती विचार करते आहे. ती म्हणाली, आई येतेय तीन तारखेला. बाग बघायची घाई झालीये तिला, रोज बाळाला बागेच्या गोष्टी सांगते.
फोन ठेवला आणि मागच्या दारावरचा हिचा कागद पुन्हा वाचला.

२८ एप्रिल
रोपं काढायला घेतली. एक एक, खुरप्याने खणून, तुटलेली मुळंसुद्धा वेचून. दुपारपर्यंत सात झाली. गुडघे बोलतात. ठराव केलेला नाही. नुसतं करतोय.

३० एप्रिल
उरलेली काढली. मागे, पत्र्याच्या डब्यात जाळली. धूर डोळ्यांत गेला. शेजाऱ्यांनी विचारलं, काय जाळताय? म्हटलं, जुने कागद.

१ मे
वाफे ओले करून प्लास्टिक अंथरलं, कडेला विटा. विटा शोधायला गेलो तर हिने वेचून ठेवलेल्या विटांचा ढीग भिंतीशी आहे. अकरा वर्षांचा. किती मोठा आहे तो. मी आजवर तो पाहिला नव्हता, त्याच्यावर चप्पल वाळत घालायचो.

३ मे, दुपार
ही आली. बॅग खाली ठेवली नाही, सरळ मागच्या दारी. मी पुढे धावलो. भाषण तयार होतं. पोषणाचं संतुलन, मातीची विश्रांती, आधुनिक पद्धत.
प्लास्टिक पाहून ही थांबली. भाषण तसंच राहिलं. मग सगळं सांगितलं. चवळी, कचऱ्याची गाडी, नऊ पोती, मुठी, किडे. म्हटलं, माझं चुकलं. तुझी अकरा वर्षं मी घालवली.
ही उकिडवी बसली. प्लास्टिकची कड उचलून हात घातला, मूठभर माती काढून नाकाशी धरली. मग परत ठेवली आणि कड नीट दाबली. मी वाट बघत होतो. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, जेवलात का? मी हो म्हटलं. म्हणाली, मग मी पडते जरा.

५ मे
ही बोलते आहे. दूध आलं का, टॉवेल उचला, असं. बागेबद्दल एक अक्षर नाही. मी चहा केला. "असू दे" म्हणाली.

९ मे
मॅडमचा फोन नंबर हिने माझ्या वहीतून उतरवून घेतला. पाऊण तास बोलल्या. हसण्याचा आवाज आला. मी दाराशी गेलो तर हिने दार लोटलं.

१२ मे
ठराव : हिला मदत करायची. सकाळी खुरपं घेऊन गेलो. ही म्हणाली, ते धुवायचं आहे, इकडे द्या. दिलं. म्हणाली, तुम्ही आत बसा, ऊन आहे. सकाळचे साडेसहा वाजले होते.
म्हटलं, निदान देखरेख करतो. खुर्ची दाराबाहेर ठेवली. पाणी तोंडावर उडतं म्हणाली.

१३ मे
खुर्ची आत आहे. तिच्या जागी झारी.

२१ मे
हिने एका वाफ्यात झेंडू पेरला, एकात भुईमूग. बाकीचे दोन झाकलेलेच. हे मला खिडकीतून दिसलं. खिडकी अर्धीच उघडते. दुरुस्त करायची आहे, बरीच वर्षं.

२८ मे
लेकीचा फोन. नात हसायला लागली आहे. मग म्हणाली, बाबा, भुईमूग काय सुंदर उगवलाय हो, झेंडूसुद्धा! मी म्हटलं, हो ना. ती म्हणाली, आई रोज फोटो पाठवते, तुम्ही बघता ना?
म्हटलं, रोज बघतो.
फोन ठेवून मोजलं. माझ्या खुर्चीपासून बाग सोळा पावलं आहे.